उशीचा अभ्रा

कोपरखैरण्याला, सेक्टर सातमधल्या आमच्या घरात
खाडीकडच्या भिंतीला दर दोन वर्षांनी लोणा लागतो.
तेवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंती रंगवतोय,
मला ठाऊक आहे:
ओल्या भिंतीला घासकागद लावायचा नसतो,
रंगाला फुगा आला की नख मारायचं नसतं.
ओल कुठून येते ते आधी शोधायचं,
मग थांबायचं.
गिऱ्हाईक म्हणतं, दिवाळीच्या आत करून द्या.
भिंतीला कुठली दिवाळी.

एवढं माहीत असून
दीक्षिताच्या गालावर पहिल्या पुटकुळ्या उठल्या
तेव्हा मी म्हणालो, साबणाने चांगलं चोळून धू.

चोळलं तिने.
भोईर वहिनींनी लिंबू सांगितलं, तेही लावलं.
माझ्या बहिणीने फोनवरून टूथपेस्ट सांगितली.
कुणी म्हणालं पोट साफ नाही,
कुणी म्हणालं लग्न झालं की आपोआप जातात.
पोरगी पंधरा वर्षांची.
साथ संपून किती काळ लोटला,
ही मास्क लावून क्लासला जायला लागली.

वाशीच्या वाघधरे डॉक्टरांनी
तिच्याआधी माझ्याकडे बघितलं.
तुमचे खड्डे केव्हाचे?
सोळाव्या वर्षाचे.
काय केलं होतंत?
वजरीने घासायचो. टाचा घासतात ती.
दीक्षिता वळून माझ्याकडे बघतच राहिली.
हे तिला कधी सांगितलं नव्हतं.

मग बाईंनी सावकाश सांगितलं:
दिवसातून दोनदाच धुवायचं, हलक्या हाताने.
टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही.
तेलकट असली तरी कातडीला तहान असते,
तिला साधं क्रीम हवंच.
उन्हात जाताना सनस्क्रीन.
रात्री या ट्यूबमधलं वाटाण्याएवढं,
पुटकुळी बघून नाही, सगळ्या चेहऱ्याला.
बारा आठवडे.
सुरुवातीला वाढल्यासारखं वाटेल.

मी म्हणालो, बरोबर,
खरवडल्यावर भिंतसुद्धा आधी वाईटच दिसते.
बाई म्हणाल्या,
भिंत नाही हो ती.

पाचव्या आठवड्यात
ट्यूब मला वॉशिंग मशीनच्या मागे सापडली.
पुसली, परत बेसिनवर ठेवली.
दुसऱ्या दिवशी ती थोडी चेपलेली दिसली,
म्हणजे लावलं होतं.

आम्ही कामावर भिंतीलगत तिरका बल्ब धरतो,
लांबीतली एकूण एक चूक दिसावी म्हणून.
आमच्या बाथरूममधला बल्ब तसाच होता,
पांढरा, आरशाच्या एका अंगाला.
तो काढला. पिवळा लावला, वर, मधोमध.
तिला कळलं.
बोलली नाही काही.
त्या संध्याकाळी आत वीस मिनिटांऐवजी
सहा मिनिटं होती. मी मोजली.

तिची आई रबाळ्याला पॅकिंगमध्ये, पहिली पाळी.
म्हणून दर तीन दिवसांनी तिच्या उशीचा अभ्रा
मी धुतो.
दुसरं काही करता येत नाही मला.
बोलायला गेलो तर तोंडातून लांबी, प्रायमर, कोट
एवढंच बाहेर पडतं.

अभ्रा शाईसारखा निळा होता.
डॉक्टरांनी सांगितलंच होतं,
दुसरं मलम कापडाचा रंग खातं.
आता त्याच्यावर फिकट ठिपके आहेत,
उजव्या कुशीचे जास्त.
आयुष्यभर मी रंग चढवायचं काम केलं,
इथे रोज थोडा उतरताना बघतो
आणि नवीन अभ्रा आणावासा वाटत नाही.

नववा आठवडा.
कपाळ निवळलंय. हनुवटीवर अजून दोन,
एक तर कालच आलीय.
मास्क दाराच्या खिळ्याला लटकतोय,
कधी नेते, कधी नाही.

सकाळी ग्रिलमध्ये अभ्रा वाळत घालताना
भोईर वहिनींनी पलीकडून विचारलं,
ब्लीच सांडलं का हो?

हो, म्हटलं.
थोडं थोडं. रोज रात्री.